काठाचं ऋण

जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून मी निवृत्त झालो. ज्या पुस्तकांवरून शिकवलं त्यांच्या लेखकांची नावं मुखपृष्ठावर छापलेली होती. पण पाण्याकाठच्या जिवांबद्दल मला जे खरोखर कळलं, ते नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मासोळी विकणाऱ्या ढिवर समाजातल्या एका वयस्क माणसाकडून. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणायचो. ते मला गुरुजी म्हणायचे आणि ते ऐकताना दर वेळी मला संकोच वाटायचा. काकाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं देणं कसं फेडायचं हे त्यांच्या हयातीत सुचलं नाही, म्हणून निदान ते काय होतं एवढं तरी लिहून ठेवतो.

सक्करदरा म्हटलं की बाहेरच्या माणसाला संत ताजुद्दीन बाबा आठवतात. राजे रघुजीराव भोसल्यांनी बाबांना इथल्या आपल्या वाड्यात आणून ठेवलं आणि १९२५ मध्ये बाबांनी इथंच देह ठेवला. तलावही भोसल्यांच्याच काळातला. आम्हा राहणाऱ्यांना मात्र सक्करदरा म्हणजे हा तलाव आणि बुधवारचा बाजार. उमरेड रोडनं कुही, मांढळ, भिवापूरकडचा माल इकडे यायचा. भाजी असायची, मिरची असायची आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलेली मासोळी असायची. काकाजी मूळचे कुही तालुक्यातले, वैनगंगेच्या काठावरच्या एका गावचे. इथं भाड्याच्या खोलीत राहायचे. बाजार नसेल त्या दुपारी तलावाकाठी बसून जाळं विणायचे. माझी शाळा जवळच होती. सुटल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो, आणि पुढं पुढं माझे विद्यार्थीही येऊन बसू लागले.

एका हिवाळ्यात मुलांनी तलावावरच्या पक्ष्यांची यादी केली होती. वहीत नावं आणि नावांपुढं आकडे. काकाजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी मुलांना यादी मोठ्यानं वाचायला सांगितली. बगळा आला की ते विचारायचे, याचं घरटं कुठं पाह्यलं? शेकाट्याचं कुठं? खंड्याचं कुठं? टिबुकलीपाशी मुलांना उत्तर देता आलं, कारण पाणवनस्पतींच्या पुंजक्यावर तिचं तरंगतं घरटं त्यांनी पाहिलं होतं. बाकी नावांना मुलं गप्प. तेव्हा काकाजी म्हणाले, “खायाले त कोनीबी येते. अंडे कोन देते, थे पाहा.”

या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं शिकवलं. पाणी बिघडलं की पक्षी निघून जातात, असा आपला समज असतो. तसं नेहमी होत नाही. सांडपाण्याच्या गाळात तांबड्या अळ्यांचा सुकाळ असतो. त्या टिपायला लांब गुलाबी पायांचे शेकाटे थव्यानं उतरतात. बगळे, ढोकऱ्या उभ्या राहतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, केवढं पक्षिवैभव! पण ही सगळी मंडळी खाऊन निघून जाणारी. ज्याला संसार मांडायचा आहे त्याच्या गरजा वेगळ्या असतात. त्याला आडोसा लागतो, उथळ पाणी लागतं, बुडालेलं आणि तरंगणारं गवत लागतं, मातीचा उभा काठ लागतो, आणि निदान दोन महिने कुणी उठवणार नाही अशी जागा लागते.

मरळ मासा काकाजींच्या विशेष जिव्हाळ्याचा. पावसाच्या तोंडाशी मरळीची जोडी उथळ पाण्यातलं गवत बाजूला सारून मधे गोल मोकळी जागा करते. तिथं अंडी पाण्यावर तरंगत ठेवते. पिल्लं निघाली की तांबूस रंगाचा एक ढग पाण्यात हलताना दिसतो आणि त्याखाली आईबाप पहारा करत असतात. त्या दिवसांत काकाजी मरळ धरत नसत. गिऱ्हाईकानं दुप्पट पैसे देऊ केले तरी नाही. “पान्यात गवत नसन त मासोळीनं पिल्लू कुठं ठेवाव?” हे त्यांचं नेहमीचं बोलणं. उलट रोहू आणि कतला हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराची वाहती नदी लागते. म्हणून तलावात त्यांचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. मासा बाजारात भरपूर दिसतो म्हणजे तलाव जिवंत आहे असं नव्हे, हे मला बाजारातच कळलं, आणि तेही मासा विकणाऱ्याकडून.

कमळपक्ष्याची गोष्टही त्यांचीच. लांब बोटांनी पानांवरून चालणारा हा पक्षी तरंगत्या पानांवरच अंडी ठेवतो. उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम नराचं. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. हे मी वर्गात सांगितलं की मुली खूश होत. पान नसेल तर मात्र या पक्ष्याचं काहीच उरत नाही. तलावाची साफसफाई म्हणून पाण्यातली सगळी हिरवळ उपसून काढली, चारी बाजूंनी उभी भिंत बांधली, तर माणसाला फिरायला छान जागा होते आणि कमळपक्ष्याला पाय ठेवायला जागा उरत नाही.

आमच्यापासून फार लांब नसलेल्या नाग नदीचंही तेच झालं. अंबाझरी तलावाकडून येऊन शहरातून सुमारे १७ किलोमीटर वाहणारी ही नदी. हिच्यावरून शहराचं नाव पडलं असं आम्ही अभिमानानं सांगतो. अशोक चौक, जगनाडे चौक, नंदनवन या भागात ती आमच्या शेजारून जाते. काकाजी तिच्या पुलावर थांबून पाण्याकडे पाहत नसत, काठाकडे पाहत. कवड्या खंड्या काळापांढरा असतो, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग सूर मारतो. त्याला अंडी घालायला मातीचा उभा कडा हवा. त्यात तो चोचीनं आणि पायांनी लांब बोगदा कोरतो. वेडा राघूही असाच कोरणारा. काठाला सिमेंटची भिंत आली की या दोघांची घरं एका उन्हाळ्यात संपतात. पाणी पुढं कितीही शुद्ध केलं तरी ती परत येत नाहीत. पावसाळ्याआधी नदीचा गाळ काढणं आवश्यक आहे, त्याशिवाय वस्त्यांत पाणी शिरतं, हे काकाजींना मान्य होतं. त्यांचं म्हणणं एवढंच असायचं, “गाळ काढा, पन काठ नोका खरडू.”

एकदा मी त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी गेलो. तोपर्यंत वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या पाण्यामुळं जुनं गाव उठलं होतं आणि लोक पुनर्वसनाच्या वस्तीत राहायला आले होते. या धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झालं. म्हणजे काकाजींचं निम्मं आयुष्य वाहत्या वैनगंगेच्या काठी गेलं होतं आणि उरलेलं धरण उभं राहताना बघण्यात. त्यांच्या सुनेनं मला धरणाच्या फुगवट्याशी नेलं. पाण्यावर इकॉर्नियाची, म्हणजे जलपर्णीची, जाड हिरवी सतरंजी पसरलेली. डोंगा ढकलायला जागा नव्हती. जाळं टाकलं तर वनस्पतीच अडकून वर येई. ती म्हणाली, “हे तुमच्या नागपूरचंच हाये जी.”

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. आमच्या घरांतलं सांडपाणी नागेत जातं, नाग पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला आणि वैनगंगा गोसेखुर्दच्या जलाशयात. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे इकॉर्नियाचं खाद्यच. ज्या माणसानं मला पाणी वाचायला शिकवलं, त्याच्याच घरच्यांच्या जाळ्यात माझ्या घरची मोरी जाऊन पोचत होती. त्या बाईनं मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भात आणि झिंग्यांचा रस्सा होता. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ऋण हा शब्द मी वापरतो तेव्हा मला तो दिवस आठवतो. शिकवणीची फी देता आली नाही ही एक गोष्ट. ज्यानं शिकवलं त्याच्याच पाण्यात आपण रोज काहीतरी ओतत आहोत, ही त्याहून मोठी.

या मार्गावर मला दुसऱ्या एका माणसाचं बोट मिळालं, ते मारुती चितमपल्लींचं. वनाधिकारी म्हणून ते नवेगाव बांधला राहिले, निवृत्तीनंतर बरीच वर्षं आमच्या नागपुरात होते आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरात गेले. नवेगावचे माधवराव पाटील, तिथले ढिवर, गोंड यांच्याकडून आपण काय काय शिकलो हे त्यांनी पुस्तकापुस्तकांतून मोकळेपणानं लिहिलं. पक्ष्यांची, माशांची, वनस्पतींची जी नावं मासेमारांच्या तोंडी आहेत ती शास्त्राइतकीच मोलाची, हे मराठी वाचकाला त्यांनी पटवलं. त्यांची पुस्तकं वाचताना मला काकाजींचा आवाज ऐकू यायचा. त्यांच्यामुळंच मी वही घेऊन काकाजींजवळ बसू लागलो.

आणि मग गोंदिया जिल्ह्यातलं अर्जुनी मोरगाव. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले पुष्कळ कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले, आणि गाळ, अतिक्रमण, बेशरम यांनी त्यांतले कितीतरी भरून गेले. बेशरमची झाडं काठ धरतात आणि मूळच्या वनस्पतींना पाय रोवू देत नाहीत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर हे मूळचे पक्षिनिरीक्षक. पाणपक्षी का कमी होत आहेत याचा शोध घेत ते ढिवरांपर्यंत पोचले, आणि तिथून पुढचं काम ढिवरांच्या सोसायट्यांसोबत झालं. वर्तमानपत्रातलं हे वाचून दाखवलं तेव्हा काकाजी म्हणाले, मले घेऊन चाला.

आम्ही गेलो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथल्या बाया तलावातलं बेशरम मुळासकट उपटतात. तळाचा काही भाग नांगरतात. पाऊस सुरू झाला की मूळच्या पाणवनस्पती दुसऱ्या चांगल्या तलावातून आणून भाताच्या रोवण्यासारख्या ओळीनं लावतात. काही पूर्ण बुडून राहणाऱ्या, काहींची पानं तरंगणारी, काही अर्ध्या पाण्याबाहेर उभ्या राहणाऱ्या. बुडालेल्या वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात, गढूळपणा बसवतात, लहान माशांना लपायला जागा देतात. तरंगत्या पानांवर कमळपक्षी चालतो. उभ्या गवतात पाणकोंबड्या आणि बदकं घरटी करतात. गवत फस्त करणारा परदेशी गवत्या मासा सोडायचा नाही, आणि पावसाळ्यात मासे अंडी घालतात त्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, हे गावांनी मिळून ठरवलं. यात सगळ्यात अवघड हेच. घरात दुसरी मिळकत नसताना ऐन हंगामात जाळं खुंटीला टांगून ठेवायचं, हे बोलणं सोपं आहे, करणं फार अवघड. त्या बायांनी ते केलं.

काकाजी तलावात गुडघाभर पाण्यात उतरले. पाण्यातून एकेक वनस्पती काढून तिचं नाव सांगू लागले. त्यांच्या गावची नावं थोडी वेगळी, इथल्या बायांची थोडी वेगळी, आणि त्यावरून पाण्यातच गप्पा रंगल्या. एका म्हातारीनं त्यांना विचारलं की तुमच्याकडे हे अजून हाये काय. ते नाही म्हणाले. मग तिनं ओल्या फडक्यात बांधून काही कंद त्यांना दिले. परत येताना बसमध्ये ते गाठोडं त्यांनी मांडीवर धरलं होतं. ते कंद त्यांनी गावच्या एका लहान बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, लावले. मोठ्या जलाशयात लावण्यासारखी स्थिती नव्हती.

मासे आधी परतले, पक्षी मागून, असं अर्जुनी मोरगावकडचे लोक सांगतात, आणि शास्त्र पाहिलं तर क्रम असाच असायला हवा. वनस्पती आल्या की त्यांच्यावर शेवाळ आणि गोगलगायी, किडे येतात. मग ते खाणारे देशी लहान मासे, मग मरळ, शिंगी, मांगूर. पक्षी सगळ्यांत शेवटी, कारण त्यांना हे सगळं एकत्र लागतं. याच पट्ट्यातला सारस पाहा. या शतकाच्या सुरुवातीला गोंदिया जिल्ह्यात तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. सावन बहेकार आणि त्यांच्या ‘सेवा’ संस्थेनं गावोगावच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखली. धानाच्या बांधीत सारसाचं घरटं असेल तर तेवढा तुकडा शेतकरी सोडून देऊ लागले. वैनगंगा आणि बाघ नद्यांचा काठ, तलावांची उथळ कड आणि धानाची शेतं मिळून सारसाचं घर होतं. संख्या वाढली, आणि नंतर पुन्हा घसरलीही. विजेच्या तारा, कीटकनाशकं, नष्ट होणारी पाणथळ जमीन ही कारणं अजून जागची हललेली नाहीत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. परत आलेला जीव कायमचा आला असं कुणी धरू नये.

जगात इतरत्रही काकाजींची कसोटी लागू पडते. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातून एक चिमुकला व्हिरिओ पक्षी नाहीसा झाला होता, कारण नद्यांकाठची वाळुंजासारखी झुडपी दाटी शेतीसाठी कापली गेली होती. सॅन वाकीन नदीकाठी लोकांनी ती झुडपं पुन्हा लावली. २००५ मध्ये, साठएक वर्षांनंतर, त्या खोऱ्यात या पक्ष्याचं घरटं सापडलं. लागवड होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. फ्लोरिडातल्या किसिमी नदीची वळणं गेल्या शतकात सरळ करून तिचा कालवा केला होता. पुढं १९९९ पासून त्या कालव्याचे भाग बुजवून जुनी वळणं आणि पूरमैदान नदीला परत दिलं, तशी बदकं आणि बगळ्यांची जात तिथं पुन्हा दिसू लागली. हे मी काकाजींना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, तिथले कोळी लोक कुठं गेले? या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकांत मिळालं नाही, आणि कोणत्याही नदीच्या सुधारणेबद्दल वाचताना तो प्रश्न मला अजून पहिल्यांदा आठवतो.

नाग नदीसाठी केंद्र सरकारनं दोन हजार कोटींच्या आसपासचा प्रदूषण निवारण प्रकल्प मंजूर केला आहे. त्यात मुख्य भर सांडपाणी वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रांवर आहे, आणि तो असायलाच हवा. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध झालेलं सांडपाणी आजही कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं, म्हणजे हे शहर ठरवलं तर करू शकतं. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि नागेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा भिंतींमध्ये आवळलेली नदी काय करते हेही शहरानं पाहिलं. पुराला पसरायला थोडी जमीन सोडली तर तीच जमीन उरलेल्या वर्षभर पक्ष्यांची, बेडकांची, माशांची होते. जिथं नदीकाठी अजून मोकळी जागा आहे, विशेषतः शहराच्या पूर्वेकडे, पिवळी नदीच्या संगमाच्या बाजूला, तिथं तरी भिंत नको. उताराचा मातीचा काठ असावा. त्यावर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन असावेत. पाण्याच्या कडेला लव्हाळी आणि पाणकणीस असावं. एखादा उभा कडा खंड्यासाठी तसाच सोडावा. शुद्ध पाणी आणि जिवंत काठ या दोन्हींचा खर्च एकाच अंदाजपत्रकात बसवता येतो, आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या मानानं फारच थोडा आहे.

ही मागणी मी लेखी स्वरूपात पाठवली आहे. झाडांची यादी काकाजींनी पुलावर उभं राहून सांगितलेली आहे, माझ्या जुन्या वहीत त्यांच्या बोलीतल्या नावांसह. यावेळी मी त्यांच्या नातवालाही यादी वाचून दाखवली. तो कुहीकडे मासेमारी सोसायटीचं काम पाहतो, आजोबांपेक्षा जास्त शिकलेला आहे, आणि यादी पुरी होईपर्यंत गप्प राहिला. मग म्हणाला, यात शेरणी टाका गुरुजी, पुरात थे मुळं सोडत नाही. शेरणी ही नदीच्या पात्रातच, दगडांत वाढणारी चिवट झुडूपवजा वनस्पती. माझ्या वहीत ती नव्हती. मी ती यादीत घातली आणि सुधारित पत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं.